सळईतात्या आणि दोन पिशव्या

सकाळपासून आभाळ कोंदलेलं. हवा इतकी दमट, की गोदामाच्या पत्र्यालाही आतून घाम फुटला होता. असल्या दिवशी सळईतात्यांना जोर चढायचा. हातभर लांबीची पोकळ, टोकदार सळई पोत्यात खुपसायची, फिरवायची, मूठभर गहू बाहेर काढायचा, हुंगायचा, एखादा दाणा दाताखाली फोडायचा आणि माल घ्यायचा की परत धाडायचा ते सांगायचं. तेहतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

"तात्या, वरचीच बघा की," ट्रकवाला व्यापारी लाडात आला. "खाली कशाला वाकताय? कंबर धरेल."

"वरची तू मला दाखवायला ठेवलीस. खालची मी बघायला आलोय."

खालच्या कोपऱ्यातलं पोतं आतून हिरवट निघालं. व्यापाऱ्याचा चेहराही. तात्यांनी नेहमीसारखा नमुना दोन पिशव्यांत भरला आणि दोन्हींवर लाख लावली. एक गोदामाची, एक माल आणणाऱ्या व्यापाऱ्याची. उद्या कुणी हुज्जत घातली तर दुसरी पिशवी फोडायची. दुसरी पिशवी नसेल तर तात्या सळईला हातच लावत नसत.

अकराला बायको फाटकाशी येऊन उभी राहिली. काखेत दवाखान्याची फाईल.

गेल्या वर्षी तात्यांच्या प्रोस्टेटमधून सुईनं बारा तुकडे काढले होते. बाराही साफ. 'माल साफ' म्हणून तात्यांनी फाईल माळ्यावर फेकली. पण रक्तातला पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीचा, आकडा साताचा दहा झाला, आणि एमआरआयमध्ये एक काळपट ठिपका दिसला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बायोप्सी सांगितली. तात्या महिनाभर टाळत होते.

"एकदा तपासलेलं पोतं कुणी पुन्हा टोचतं का?" आज रिक्षातही त्यांचं तेच.

"परक्याच्या गव्हाचा कोपरा न् कोपरा उकरता," बायको म्हणाली, "आणि स्वतःवर आलं की वरची चार पोती पुरे!"

रिक्षा दवाखान्याशी थांबली. आत शिरताच तात्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या.

"बाई, मागच्या वेळी एवढं बघितलं, तेव्हा हा ठिपका कुठं होता?"

"पुढच्या बाजूला, काका. तेव्हा सुई मागून, गुदद्वारातून घातली होती. सोनोग्राफीत बघून ठरलेल्या बारा जागा टोचल्या. पुढचा कोपरा हाताला लागत नाही त्यात."

"म्हणजे वरची पोती."

"तसंच म्हणा. या वेळी दोन मांड्यांच्या मधल्या कातडीतून जाणार. तिथून पुढं पोचता येतं आणि जंतूंची भीतीही कमी. एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवून ठिपक्यातलेच चार तुकडे घेणार. शिवाय नेहमीचे बारा आहेतच."

तात्यांनी मान डोलावली. पद्धत बरी वाटली. मग त्यांनी पिशवीतून हळूच दोन छोट्या कापडी पिशव्या, दोरा आणि लाखेची कांडी काढून टेबलावर मांडली.

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो! लाज आहे का काही?"

"लाज कसली? अर्धा त्यांचा, अर्धा माझा. उद्या ह्या म्हणाल्या खराब आहे, तर मी कुणाला दाखवू?"

डॉक्टरीणबाई आधी खुदकन हसल्या, मग खुर्ची पुढं ओढून बसल्या. "काका, तुकडा शेवईपेक्षा बारीक. त्याचा अर्धा नाही करता येत. पण आम्ही तो मेणाच्या वडीत पक्का बसवतो. तिचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि उरलेली वडी जपून ठेवतो. तुमचा विश्वास नसेल तर ती दुसऱ्या दवाखान्यात न्या, तिथं नवे काप काढून बघू देत. मी स्वतः चिठ्ठी देईन."

"वडी टाकून नाही देत?"

"वर्षानुवर्षं ठेवतो."

"मग आधी सांगायचं नाही का, बाई!" तात्या उठले. "कुठं निजायचं?"

जागा बधिर करून पाय वर टांगले. ही अवस्था मात्र तात्यांनी जन्मात कुणाला सांगितली नाही. नर्सनं आधी सुईचा चाप हवेत ओढून दाखवला. खट्ट! "आवाजाला दचकू नका." तात्या सोळा खट्ट मोजत राहिले. बाराव्यानंतर जरा वेळ गेला, तर तिथूनही ओरडले, "चार राहिले हो!"

दहा दिवसांनी कागद आला. बारा पुन्हा साफ. ठिपक्यातल्या चारपैकी तीन तुकड्यांत कर्करोग.  तात्यांनी कागद बायकोच्या हातून घेऊन पुन्हा वरून खाली वाचला.

"गाठ अजून ग्रंथीच्या बाहेर गेलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून काढता येईल. वेळेत आलात."

तात्यांनी वडी मागितलीच. दुसऱ्या दवाखान्यातून आठवड्यानं तेच उत्तर आलं, अगदी शब्दाला शब्द. मग ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करून आले.

घरी येऊन टेकले, तोच बायको डबा घेऊन पुढ्यात उभी. डोळे सुजलेले, आवाज नेहमीचा.

"गिरणी एकला बंद होते. दळण नेता का मीच जाऊ?"

"जातो."

"जरा बारीक दळायला सांगा. मागच्या वेळी भरड आलं होतं."

तात्यांनी डबा खांद्यावर घेतला, पायानंच चपला चाचपल्या आणि जिना उतरायला लागले.