सोप्याबाई

आमच्या छातीरोग विभागात रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाईंना सगळे ‘सोप्याबाई’ म्हणत. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक गोंधळून त्यांच्या टेबलाशी यायचे. बाई चष्मा कपाळावर सरकवून सांगायच्या, "डिस्निया म्हणजे धाप. प्ल्युरल इफ्यूजन म्हणजे फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय, सुईनं काढतील. ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे बारीक नळी घालून आत डोकावणं. घाबरू नका." वाईट असलं तर मात्र वाईटच सांगायच्या. मी तिथली नर्स. एकदा डबा खाताना मला म्हणाल्या, "माणसाला खोट्या आशेवर ठेवणं म्हणजे छळच हो."

त्यांचे यजमान सुतार. वर्षभर कोरडा खोकला, जिना चढताना दम लागायचा. बाईंनीच त्यांना ओढून तपासायला आणलं. स्कॅनचा रिपोर्ट टाइप करायला नेमका त्यांच्याकडेच आला: पल्मनरी फायब्रोसिस, पुढच्या टप्प्यातला. फुफ्फुसं कडक होत जातात. औषधानं वेग कमी होतो, बरं होत नाही. बाईंनी तो एकही चूक न करता टाइप केला आणि अर्धा तास बाथरूममध्ये जाऊन बसल्या.

घरी यजमानांनी विचारलं, "काय निघालं गं?"

"थोडी सूज आहे. उतरेल गोळ्यांनी."

मुलगी लांब परदेशी, परीक्षेच्या तयारीत. तिनं फोनवर विचारलं, "येऊ का गं आई?"

"खोकल्यासाठी कोणी एवढं लांबून येतं का? परीक्षा दे आधी."

पुढे घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की यजमान स्वतःच नाकातली नळी काढून ठेवायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि फोन बाईंकडे द्यायचे. मग एका आठवड्यात न्यूमोनिया झाला, आमच्याच वॉर्डात भरती केलं, व्हेंटिलेटर लागला, आणि चौथ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. मुलगी पोचली ती दुसऱ्या दिवशी.

तिनं बाबांची फाइल उघडली, स्कॅनची तारीख पाहिली. "अकरा महिने, आई? जगाला समजावून सांगतेस, आणि मला म्हणे खोकला?"

"रोज ठरवत होते, उद्या सांगीन म्हणून."

"बाबांना तरी माहीत होतं का?"

बाईंनी तिच्या हातातली फाइल घेऊन मिटली. मी शेजारीच उभी होते.

उत्तर माझ्याकडे होतं. व्हेंटिलेटर लागण्याच्या आदल्या दिवशी यजमानांनी मला खुणेनं जवळ बोलावलं होतं. "सिस्टर, मी वाचणार नाही, हे मला केव्हाचं कळलंय. हिला सांगू नका. बिचारी फार कष्टानं खोटं बोलते, तिचा विरस होईल."

मुलगी परत गेल्यावर मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. मग फुटून रडल्या. "म्हणजे आम्हाला बोलता आलं असतं हो. अकरा महिने होते. लेकीला बोलावून घेतलं असतं, तिघं एकत्र बसलो असतो."



मुलगी दर रविवारी फोन करते. "जेवलीस का?" विचारते. बाई "हो" म्हणतात. एवढंच बोलून मुलगी फोन ठेवते.