आधीचा फोटो

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. कॉलेजमागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं आणि तिला सगळेच मावशी म्हणायचे. बावीस वर्षं ती जवळच्या शाळेचे गणवेश शिवत होती. माप एकदाच घ्यायची आणि प्रत्येक पँटला आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायची. "पोरं थांबतात होय वाढायची?" असं म्हणायची. पहिल्या वर्षीच्या गणवेशांच्या कमाईतून घेतलेलं मनगटी घड्याळ अजून तिच्या हातात होतं.

तिच्यावर मी एकदा लिहिलं होतं. आज पुन्हा लिहितेय, ते त्याची लाज वाटते म्हणून.

मी तेव्हा विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या मासिकाची संपादक होते. मासिक, व्हिडिओ चॅनेल, गेटवरचे फलक, सगळं आमच्या हातात. विषय एकच, उद्योगातून गरिबी कशी हटवायची, आणि तीही अख्ख्या जगाची. मला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते आमच्या खोलीत येऊन बघावं.

आमच्या वर्गातल्या चौघांनी कारखान्यात उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून विकायचा उद्योग काढला होता. 'गरजू महिलांना रोजगार' असं त्यांच्या पत्रकावर छापलेलं. गरजू महिला म्हणजे मावशी. गणवेशांमधून वेळ काढून तिने दोन महिन्यांत साठ पिशव्या शिवून दिल्या होत्या, त्याही पोरांनी गळ घातली म्हणून. आयत्या बिळावर आम्ही नागोबा. विद्यार्थी माध्यमांच्या स्पर्धेला हीच गोष्ट पाठवायची ठरली. तिथे प्रत्येक गोष्टीसोबत दोन फोटो लागायचे, एक 'आधी'चा आणि एक 'नंतर'चा.

नंतरचा लगेच झाला. आधीचा कुठून आणणार? मावशी आधीही तशीच होती.

"मावशी, मागच्या खोलीत जमिनीवर बसता का जरा?" मी म्हटलं. "मशीन नको. हातात नुसती सुई घ्या."

"तिथे चिंध्या ठेवते गं मी. कशाला?"

"जुने दिवस दाखवायचेत."

"जुन्या दिवसांतही मशीन होतंच की," ती हसली. पण बसली. आम्ही तिच्या लेकीच्या वयाच्या, आमचं मन मोडणं तिला जमलं नाही.

मग मी तिला घड्याळ काढायला सांगितलं. तिने ते काढून माझ्याच हातात दिलं. फोटो होईपर्यंत ते माझ्या मुठीत टिकटिकत होतं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

फोटोखाली मी लिहिलं, 'आधी: दोन वेळच्या जेवणाची भ्रांत.' माणसाएवढा फलक गेटवर लागला. शाळेची वाट तिथूनच जायची.

पंधरा दिवसांनी मावशी आमच्या खोलीत आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"पोरी, लोक माझ्याकडे कपडे शिवायला आणायचे. आता द्यायला आणतात. कुणी जुनी पँट ठेवून जातं, कुणी स्वेटर. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय माझी. शाळेच्या मोठ्या बाई काल म्हणाल्या, तुमची अशी परिस्थिती, चारशे गणवेश झेपतील का तुम्हाला? सोमवारी त्या ठरवणार आहेत काम कुणाला द्यायचं ते. तू एवढंच छाप, की तो फोटो खरा नाही."

स्पर्धेचा निकाल त्या सोमवारनंतरच्या शुक्रवारी होता.

"निकाल लागू द्या मावशी. मग नक्की छापते."

तिने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, माप घेताना बघायची तसं. "बरं," म्हणाली आणि गेली.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. गणवेशांचं काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. खुलासा मी छापला, पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, चार ओळींत. वरातीमागून घोडं. मासिकाचं शेवटचं पान आम्हीसुद्धा वाचत नव्हतो.

महिनाभर मी ती गल्ली टाळली. शेवटी माफी मागायला गेले. नुसतं जाण्याची हिंमत नव्हती, म्हणून नवीन पँट खालून आखूड करायच्या निमित्ताने सोबत घेतली. दुकानात दाराशीच जुन्या कपड्यांचा ढीग कमरेइतका झाला होता. मशीनवर काहीच शिवायला नव्हतं. मी पँट पुढे केली.

मावशीने मान वर केली. मला ओळखलं. पँटकडे पाहिलं.

"ठेव तिथे," ढिगाकडे बोट दाखवून ती शांतपणे म्हणाली. "कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

शिवायला आणलीय, एवढेच दोन शब्द बोलायचे होते. पँटला दुकानाचं लेबल अजून लटकत होतं. मी ती ढिगावर ठेवली आणि माफी न मागताच पायऱ्या उतरले.