जाळीवरची बाई

मुरबाडपासून आसनगावपर्यंत जिथं जिथं नवीन बिल्डिंग उठत असेल, तिथल्या पत्र्याच्या कुंपणावरून एकदा हात फिरवून बघा. त्यावरच्या चित्राला फुगा लागला, सुरकुती लागली, तर समजा ते काम दुसऱ्या कुणाचं. बोट कुठंही न अडता सरळ गेलं, तर ते कमळाकरचं. उगाच बढाई नाही मारत मी. त्याच्या धंद्यातली माणसं त्याला पाठीमागे शिव्या देतात आणि अवघड काम आलं की गुपचूप त्यालाच फोन लावतात.

धंदा काय, तर साइटच्या कुंपणावर छापील चित्रं चिकटवायची. उंच बिल्डिंगा, निळं तळं, हसणारं कुटुंब, आणि खाली 'निसर्गाच्या कुशीत या'. ज्या निसर्गात आमची ढोरं चरली, तो आता आम्हालाच विकायला काढलाय, पण ते जाऊ द्या. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, कागद सोलला आणि चिकटवला. या म्हणावं एकदा करायला! आधी पत्रा साबणाने धुवायचा, मग थिनरने पुसायचा. धुळीचा एक कण राहिला तरी वरून पुटकुळी दिसते. पत्रा पन्हाळी असेल तर त्यावर सपाट पत्रा मारून घ्यायचा, रिबिटांची डोकी घासायची, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, सुकली की पुन्हा घासायची. मग चित्र मधून बाहेर पट्टीने दाबत न्यायचं आणि कडा गरम हवेच्या मशीनने शेकून बसवायच्या. दोन तुकड्यांच्या सांध्यात चित्रातल्या माणसाच्या शर्टाची रेघसुद्धा चुकता कामा नये. त्याची बायको सोनाली म्हणायची, "घरातली चादर कधी नीट घातली नाय यानं, आन् तिकडं पत्र्याला इस्त्री करतोय!"

हे वेड लागलं म्हसाच्या जत्रेत. तेव्हा कमळाकर पोरसवदा होता, बांबूला सुतळीने वाढदिवसाचे फ्लेक्स बांधायचा. एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सला नेमकी नाकावर चुणी पडली आणि नाक गेलं वाकडं. बैल बघायला आलेले लोक बैल सोडून तेच बघत बसले. पुढाऱ्याच्या माणसांनी भर जत्रेत याची अशी काही बिनपाण्याने केली, की त्या दिवसापासून सुरकुती म्हटली की याचं डोकं फिरायचं. तापटपणा नव्हे हो, भीतीच ती. पण भीतीतून हात असा तयार झाला की बघत राहावं.

आई लहानपणीच गेलेली. चुलती धोंडीबाई, तिनेच त्याला स्वतःच्या रविंद्रबरोबर एका ताटात वाढवला. काकी म्हणजे खमकी बाई. वाल, पावटा, काकड्या, जे शेतात येईल ते पाटीत घालून वळणावरून टमटम पकडायची आणि मुरबाडच्या बाजारात विकून यायची. कमळाकरचं कुठलंही काम झालं की ती बघायला जायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या कमळ्यानं लावलंय."

गेल्या वर्षी गावच्याच वळणावर साइट आली. डोक्यावर जाईल एवढा पत्रा ठोकला आणि वळण आंधळं झालं. पलीकडून काय येतंय ते दिसेना. गावाने ओरड केली, सभा भरली, बिल्डरच्या माणसाला बोलावलं. ठरलं असं, की कोपऱ्यावरचा पत्रा काढून तिथं लोखंडी जाळी बसवायची, म्हणजे आरपार दिसेल. "चालेल का?" विचारल्यावर हात वर करणाऱ्यांत कमळाकरही होता. हे नीट ध्यानात ठेवा. त्याने स्वतः हात वर केला होता.

जाळी बसली, आणि लगेच त्याच आठवड्यात चित्राचं काम कमळाकरकडे आलं. मार्केटिंगच्या रुचिता मॅडम आल्या, त्यांनी सगळं समजावलं आणि जाता जाता स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "कोपरा सोडून द्या. जाळीवर काही नको."

कमळाकर हो म्हणाला. काम सुरू झालं, तळं झालं, झाडं झाली, आणि कोपऱ्याशी येऊन त्याचा हात थांबला. चित्रातली बाई, पोराला कडेवर घेतलेली, नेमकी तिथं येत होती. अर्धा चेहरा पत्र्यावर, अर्धा जाळीवर. म्हणजे जाळी सोडली तर एक डोळा, अर्धं नाक आणि अर्धं हसू. तो मागे सरून रस्त्यापलीकडे उभा राहिला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. सगळ्या रस्त्याने आपलं नाव होणार आणि आपल्याच गावात अर्ध्या तोंडाची बाई? त्याला ते खपेना. गावात गाड्या तशा हळूच येतात, वळणावर माणूस हॉर्न देतोच की, असं त्याने स्वतःला समजावलं. उरलेला सपाट पत्रा जाळीवर ठोकला, रिबिटं घासली, लांबी भरली आणि बाईचा चेहरा पुरा केला.

आणि काय चेहरा झाला म्हणून सांगू! पोरीबाळी तिथं उभ्या राहून फोटो काढायच्या. रुचिता मॅडमच्या साहेबांनी कमळाकरला फोन करून शाबासकी दिली. जाळीचं कुणाला आठवलंसुद्धा नाही. चार दिवस तर होती, सवय कुठं झाली होती कुणाला? एकट्या कमळाकरला ठाऊक होतं त्या हसण्यामागे काय आहे. पण काम एवढं सुंदर झालेलं की त्याने मनातली ती गोष्ट मागे सारली.

वालाच्या शेंगांचे दिवस आले. काकी पाटी घेऊन वळणावर रस्ता ओलांडत होती आणि पलीकडून प्रणयची मोटारसायकल आली. गावातल्याच जयरामचा हा मुलगा. पोलीस भरतीसाठी कल्याणला राहून तयारी करायचा, नुकताच घरी आलेला, मैदानी चाचणी पार पडली होती, लेखीची यादी लागायची होती. शेंगा रस्ताभर झाल्या आणि काकीचा पाय मोडला.

प्रणयनेच तिला उचललं, दवाखान्यात नेलं, तिच्या उशाशी रडत बसला. पण गावाने त्याला सोडलं नाही. "मोबाईल बघत असणार." "भरतीची मस्ती, दुसरं काय!" तो आपला एकच सांगत होता, "दिसलीच नाय ओ, खरंच दिसली नाय." त्यावर लोक म्हणायचे, "एवढी बाई, डोक्यावर पाटी, आन् दिसली नाय?" रविंद्र तर पेटलाच होता. केस करतो म्हणाला. केस झाली की प्रणयची भरती गेली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जाणत्यांनी कसंबसं थोपवलं, की आईला घरी येऊ दे, रविवारी देवळात बसू, मग काय ते ठरव.

कमळाकर रोज दवाखान्यात डबा घेऊन जायचा. काकी त्याचा हात धरून म्हणायची, "रविंद्राला कामातनं वेळ नाय. तूच माझा खरा लेक रे." त्याला वाटायचं, तिथल्या तिथं जमीन दुभंगावी. तोंड उघडायचा आणि "जेवलीस का नीट?" एवढंच विचारून मिटायचा. रस्त्यात जयराम भेटायचा. त्याच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत होईना, मग हा आडरानाने घरी यायचा. सोनालीने विचारलं, "काय झालंय तुमाला?" तर तिच्यावरच खेकसला. शरम वाटत होती त्याला, स्वतःची किळस येत होती. आणि तरीही, लाज सोडून सांगतो, मनात एक कोपरा असा होता जो म्हणत होता, कुणाला कळलेलं नाही, गप्प बस.

रविवारी काकी घरी येणार होती. त्या सकाळी फटफटायच्या आत कमळाकर शिडी, पकड, छिन्नी घेऊन वळणावर गेला. बेत साधा होता. गपचूप पत्रा काढायचा, जाळी मोकळी करायची. पुढं कुणाला लागायला नको आणि आपल्यालाही काही बोलायला नको. चोरासारखाच बेत, पण घाबरलेल्या माणसाला तोही पुण्याचा वाटतो.

पण चित्र निघेना. कड कुठं उचलावी तर कड सापडेना, एवढी शेकून बसवलेली. नखाने खरवडलं, सुरीने उचललं, तरी बोटभर तुकडाच हाती यायचा. रिबिटं शोधायला पत्र्यावरून हात फिरवला तर एकही हाताला लागेना. स्वतःच घासली होती, स्वतःच लांबी भरली होती. घाम फुटला त्याला. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या कामाला आईवरून शिवी दिली.

दिवस वर आला तरी बाईच्या गालाचे लचके निघत होते फक्त. तेवढ्यात धावण्याचा सराव करत प्रणय आला. यादीचं काय होणार ठाऊक नव्हतं, तरी पोरगा धावायचा थांबला नव्हता. तो उभा राहिला. "काका, एवढं भारी काम कशाला खराब करताय?"

"पत्रा काढायचाय," कमळाकर मागे न बघता म्हणाला.

"एकट्यानं? द्या इकडं." आणि तो आपणहून शिडीवर चढला. दोघांनी मिळून लांबी खरवडून रिबिटं शोधली आणि छिन्नीने उडवली. शेवटचं उडालं आणि पत्रा धाडकन खाली आला. मागची जाळी मोकळी झाली. प्रणय जाळीला हात लावून बघत राहिला. पलीकडून जना म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन येत होती, तिच्या पायातल्या चपलासुद्धा दिसत होत्या.

"काका, इथून तर सगळा रस्ता दिसतो."

कमळाकर खाली पडलेली रिबिटं वेचू लागला.

"मग मला त्या दिवशी..." प्रणय बोलता बोलता थांबला. आधी त्याने खाली पडलेल्या पत्र्याकडे बघितलं, मग कमळाकरकडे.

"मीच लावला रे," कमळाकर म्हणाला. "लावू नको म्हणाले होते. तरी लावला."

त्याला वाटलं, पोरगं आता अंगावर येईल. यावं, असंच वाटत होतं त्याला. पण प्रणय शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसला आणि रडायला लागला. "मला खरंच वाटाया लागलेलं, मीच बघितलं नाय. रोज रातीला आठवून बघायचो, माझी नजर कुठं व्हती. आई-बापाला पण तेच सांगितलं, चूक माझीच हाय म्हणून."

काकीचा पाय मोडला तो एका क्षणात, पण या पोराला कमळाकर रोज मोडत होता, गप्प बसून. त्याने प्रणयला दंडाला धरून उठवलं आणि त्याला घेऊन काकीच्या घराकडे चालू लागला. देवळातल्या बैठकीपर्यंत थांबला तर पुन्हा धीर सुटेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

काकीला नुकतीच गाडीतून उतरवून ओटीवरच्या खाटेवर निजवली होती. प्रणयला बघून रविंद्र तावातावाने उठला. कमळाकर मधे उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं, जाळी, पत्रा, मॅडमचं बोलणं, सगळं. रविंद्र तसाच उभा. मग तो प्रणयजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत ओरडून म्हणाला, "चा टाक गो, प्रणय आलाय."

काकी मात्र कमळाकरकडेच बघत होती.

"कमळ्या, जाळी कशापायी ठेवलीय ते तुला म्हायती व्हतं?"

"व्हतं, काकी."

"सभेत तूच हात वर केलेलास ना?"

"हां."

"मंग रे?"

वाटेत त्याने खूप काही ठरवलं होतं बोलायला. धंद्यातलं नाव, जत्रेतली ती फजिती, आणि काय काय. पण तिच्या पायाच्या प्लास्टरकडे बघताना त्यातलं एकही तोंडात येईना. खरं होतं तेवढंच बाहेर आलं.

"चित्रातल्या बाईचं तोंड अर्धं दिसत व्हतं, काकी."

काकीने मान फिरवली आणि प्रणयला जवळ बोलावून खाटेवर बसायला सांगितलं.