वाचन शून्य

खंडेनवमीच्या सकाळी, पूजेच्या आधी, वडिलांनी घरचा संगणक बंद केला. दसऱ्याच्या सकाळी तो पुन्हा सुरू केला, तेव्हा त्यातली एक डिस्क सुरू झाली नाही. त्या डिस्कवर आईच्या आवाजाचं एकमेव रेकॉर्डिंग होतं. आई त्याच्या दोन वर्षं आधी वारली होती.

घर हैदराबादेत, सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत आहे. वडील वकिली करायचे, आता करत नाहीत. धाकटी बहीण गावाबाहेरच्या नव्या भागात एका संगणक कंपनीत आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवरून किती वेळा वाचतो आणि तिच्यावर किती वेळा लिहितो याची मोजणी करणारा भाग सांभाळणं हे तिचं काम. वडिलांचा संगणक तिनेच जुळवला होता. नवी डिस्क सिस्टीमसाठी, जुनी डिस्क घरच्या फोटोंसाठी आणि त्या रेकॉर्डिंगसाठी. फोटो बाकीच्यांच्या फोनवर होते. आईचा आवाज मात्र दुसरीकडे कुठे नव्हता.

रेकॉर्डिंग मी केलं होतं. तेव्हा मी वर्तमानपत्रात होतो. पुरवणीसाठी हैदराबादी मराठी घरांतल्या स्वयंपाकावर मजकूर हवा होता, म्हणून आईला बगारा वांगी सांगायला बसवलं. ती चिंचेपर्यंत आली आणि खाली भाजीवाला ओरडला. ती उठून गॅलरीत गेली. "कैसे दिए मेथी? कल की दिखरी रे, पानी मारको बेचते क्या?" परत येऊन तिने विचारलं, "हे सुरूच होतं होय रे? ते भाजीवाल्याचं काढून टाक." छापलेल्या मजकुरात चिंच होती, भाजीवाला नव्हता. रेकॉर्डर ऑफिसचा होता. रेकॉर्डिंग घरच्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि तो नियमाप्रमाणे रिकामा करून परत गेला.

आई गेल्यावर वडील रोज दुपारी जेवण झालं की ते ऐकत. भाजीवाल्याच्या जागी हसत. मग आडवे होत.

बहिणीने त्याच संगणकात एक छोटा प्रोग्राम टाकला होता. तो दोन्ही डिस्कचे आकडे ठरावीक वेळाने टिपायचा. कंपनीतल्या चाचणीपेक्षा घरातला संगणक खरा वागतो, असं तिचं म्हणणं. आकडे संगणक सुरू झाल्यापासून मोजले जातात, बंद केला की शून्यावर येतात. म्हणून तिने वडिलांना बजावलं होतं, बंद करायचा नाही. इन्व्हर्टर होता. वडिलांनी वर्षभर ऐकलं. अपवाद खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या घरी काम करणारी प्रत्येक वस्तू पुसून देवापुढे ठेवतात, तिला हळद-कुंकू लावतात आणि दसरा उजाडेपर्यंत तिला हात लावत नाहीत. आजोबांच्या वेळी दौत आणि कायद्याची पुस्तकं असत. नंतर स्कूटर आली, शिलाई मशीन आलं, शेवटी संगणक.

नवरात्राच्या आधी बहीण एकदा दुपारी जेवायला आली होती. जेवण झाल्यावर वडील नेहमीप्रमाणे ते रेकॉर्डिंग ऐकत होते. तिने पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उघडले आणि मला दाखवले. आवाज चालू होता आणि जुन्या डिस्कचा वाचनाचा आकडा जागचा हलत नव्हता.

"डिस्कवरून वाचतच नाहीये," मी म्हणालो.

"वाचेल कशाला? रोज तेच मागतात. कर्नलने ते मेमरीत धरून ठेवलंय, तिथूनच देतो. डिस्क झोपलीय. जुनी आहे, आराम मिळतोय ते बरंच की."

वडिलांनी मान न वळवता विचारलं, "काय पंचनामा चाललाय?"

"तुमची डिस्क निवांत आहे म्हणते."

"हौ. घरात कुणीतरी निवांत असू दे."

तिने आकड्यांची खिडकी बंद केली आणि आम्ही ताटं उचलायला गेलो.

खंडेनवमीच्या सकाळी तिने वडिलांना फोन केला. मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, या वर्षी नुसतं कुंकू लावा ना. चालू राहू द्या. आकडे शून्यावर येतात हो माझे."

"आकडेच ना? पुन्हा वाढतील. यंत्राला वर्षात एक दिवस सुटी नको?"

"सर्व्हरला सुटी नसते बाबा."

"सर्व्हरला नसेल. हा घरातला आहे."

ती हसली. वडिलांनी संगणक रीतसर बंद केला, ओल्या फडक्याने पुसला, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला सुरू केल्यावर आतून टकटक असा आवाज येत राहिला. पडदा लागला, फोल्डर रिकामं होतं. बहीण सोनं म्हणून द्यायची जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन दुपारी येणार होती. मी फोन केल्यावर ती तासाभरात आली, पानांशिवाय. तिने प्रोग्रामने टिपलेले आकडे काढले. ते नव्या डिस्कवर होते, म्हणून शाबूत होते. जुन्या डिस्कचा वाचनाचा आकडा कित्येक आठवडे एकच होता. या सगळ्या आठवड्यांत वडिलांनी रोज दुपारी आईला ऐकलं होतं.

वडील खुर्ची ओढून शेजारी बसले.

"म्हणजे डिस्क आधीच गेली होती?"

"ते यातून कळत नाही, बाबा. झोपलेल्या डिस्कचं वाचन शून्य. मेलेल्या डिस्कचंही शून्य."

"पण आवाज तर येत होता."

"मेमरीतून. मेमरीला वीज लागते."

"म्हणजे काल सकाळपर्यंत ती होती."

"होती."

"आणि मी बंद केलं नसतं तर?"

बहिणीने आकड्यांची यादी बंद केली. "तर नव्या डिस्कवर उतरवून घेता आलं असतं. मी त्या दिवशी बघितलं, तेव्हाही आलं असतं. एका मिनिटाचं काम होतं."

वडिलांनी टेबलावरचं झेंडूचं फूल उचललं, हातात धरलं आणि परत तिथेच ठेवलं. त्या दिवशी सोनं द्यायला शेजारचे जे कुणी आले, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं.

सुटी संपल्यावर डिस्क कोठी भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिली. वडील बरोबर आले. दुकानदाराने काही दिवस ठेवून घेतली. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याने उघडलेली तबकडी दिव्याखाली धरली. तिच्यावर गोल चरा होता.

"अंदर पूरा घिस गया साब. इसमें कुछ नै बचा."

"थोडा भी नै?" वडिलांनी विचारलं. "पूरा नक्को. मेथी का भाव पूछी उत्ता मिला तो बी बस."

दुकानदाराला संदर्भ कळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "उम्मीद नक्को रखो साब," तो म्हणाला. डिस्क त्याने कागदात गुंडाळून दिली. परतताना रिक्षात वडिलांनी ती मांडीवर धरली. घरी आल्यावर त्यांनी ती पुडी देवघराखालच्या कपाटात ठेवली.

बहिणीने कंपनीत आपलं काम बदलून मागितलं. ते मिळालं नाही. ती अजून तीच मोजणी सांभाळते. नवरात्राआधीच्या त्या दुपारच्या जेवणाचा विषय तिने माझ्याजवळ पुन्हा काढलेला नाही. मीही काढलेला नाही.

वडील दुपारी जेवण झालं की सरळ आडवे होतात. पुरवणीचं कात्रण मी त्यांना शोधून आणून दिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "यात भाजीवाला नाही."

या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी स्कूटर आणि शिलाई मशीन पुसून कुंकू लावलं. संगणकाला हात लावला नाही. जुनी डिस्क काढली तेव्हापासून तो सुरूच आहे. आकड्यांच्या यादीत आता एकाच डिस्कची ओळ आहे.