चौथ्या रेकॉर्डचा ओरखडा

येडशीच्या दादामियाँचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. एकेकाळी लग्नाकार्यात भोंगा लावणं हा त्यांचा धंदा. धंदा बसला, पण शांतम्माच्या चार रेकॉर्डी त्यांनी जिवापाड जपल्या. घरात कुणी कपाटाजवळून गेलं तरी ते पाठोपाठ जाऊन कुलूप ओढून बघत.

शांतम्मा उमरग्याकडची. शब्द तिचे, चाल तिची, गळाही तिचाच. पहिल्या रेकॉर्डमध्ये ती गाता गाता हसते. दुसरीत सासरला टोमणे. तिसरीत नवरा गेल्यानंतरचा आवाज, सोबत नुसती पेटी. "ह्या व्हायोलिनवाल्याला मधी कुणी घुसवलं?" असा संशय दादामियाँना दुसरीबद्दल अजून होता. चौथीत मात्र गळा थकलेला, पण शब्द असे की काळजाला हात घालतील. नेमकी तीच चौथी चिंचेच्या गाण्यावर अडकायची.

त्याला चाळीस वर्षं झाली. ईट गावच्या एका लग्नात दोन्ही पक्षांचे दोन भोंगे होते, एक दादामियाँचा, दुसरा तेरखेड्याच्या बब्रुवानचा. एक जेवायला बसला की दुसऱ्यानं दोन्ही मशिनी सांभाळायच्या, हा भोंगेवाल्यांचा रिवाज. दादामियाँनी सोलापुरातून आणलेली कोरी चौथी रेकॉर्ड बब्रुवानच्या भरवशावर ठेवली आणि पंगतीला गेले. परत येऊन लावली, तर सुई अडकली. भर मांडवात हसं झालं. बब्रुवानकडंही तीच रेकॉर्ड होती. त्यानंच आपली खराब ठेवून कोरी उचलली, असं दादामियाँनी धरलं ते धरलंच. जिवाभावाचा दोस्त त्या दिवसापासून चोर झाला. तेरखेड्याचं नावसुद्धा घरात काढायची चोरी.

आणि परवा दुपारी बब्रुवानची लेक शिवलीला दारात उभी राहिली. हातात पिशवी.

"चाचा, अण्णांनी त्यांची चौथी रेकॉर्ड तुमाला दिली."

"चाळीस वर्सांनी? मन खायला लागलं व्हय त्याला?"

"अण्णा म्हणले, मी बदलली न्हाय. पण दादाला गाणं पुरं ऐकू दे."

दादामियाँनी रेकॉर्ड उन्हात धरून उलटीपालटी करून पाहिली. यात काही डाव तर नाही ना? मग मशिनीवर चढवली. चिंचेचं गाणं लागलं.

"माझ्या दारीच्या चिंचेला, दोन गावांचे गं झोके..."

इथंच दादामियाँची रेकॉर्ड अडकायची. ही पुढं सरकली. पण शांतम्माच्या आधी आतून, चुलीपासून त्यांच्या बायकोचा, सायराबीचा आवाज आला, "एक आला, एक गेला, फांदी कुणाकडं वाके."

दादामियाँनी सुई उचलली.

"सायरा, ही ओळ तुला कुठनं आली?"

ते चुलीकडं वळले.

"आपली तर हितंच अडकती. ईटला जायच्या आधी म्या घरात लावली नव्हती. आन् ईटला तू नव्हतीस."

सायराबी पदराला हात पुसत बाहेर आली. साठी उलटलेली बाई, नव्या नवरीसारखी खाली मान घालून उभी.

"तुमी बॅटरी आणाया गेला होता. म्या चोरून लावली. एकदा पुरी ऐकली. दुसऱ्यांदा लावताना सुई घसरली."

"आन् चाळीस वर्सं गप बसलीस?"

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

उत्तर दादामियाँना ठाऊक होतं. चोर त्यांनी तेरखेड्यात शोधला, आणि भीती मात्र स्वतःच घरात पेरून ठेवली होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ते उठले, टोपी घातली. "चल शिवलीला, तेरखेड्याला. त्याच्या तोंडावर माफी मागतो."

शिवलीलाचे डोळे भरले.

"या चाचा. पण अण्णांना आता ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली. म्हणून तर रेकॉर्ड धाडली."

दादामियाँ उंबऱ्यात थबकले. मग कमरेची कपाटाची किल्ली काढून त्यांनी सायराबीच्या हातात ठेवली.

"आपली ओरखड्याची काढ. ओरखडा तरी दिसंल त्याला. आन् तूबी चल."