भिंतींवर पाणी मारणारी

१९४६, वैशाखातला रविवार. हजर: आमचे हे, मी, घर दाखवणारा कंत्राटदार आणि शेजारच्या अर्धवट बांधकामावर पाणी मारणारी एक बाई.

नवं घर सावेडीचं घ्यायचं की केडगावचं, एवढंच ठरायचं होतं; दोन्ही ह्याच कंत्राटदारानं बांधलेली, आज सावेडीचं बघत होतो. शाळा, विहीर, बाजार, शेजार असं सगळं मी वहीत मांडलं होतं आणि सावेडी पुढे होती.

कंत्राटदार ह्यांना गच्ची दाखवायला वर घेऊन गेला. तेवढ्यात त्या बाईनं डोक्यावरची घागर उतरवली आणि आम्ही बघत होतो त्या घराच्या भिंतीचा चुना नखानं खरवडला. तो पिठासारखा गळला.

"आक्का, हितं चारच दिस पानी मारू दिलं," ती हळूच म्हणाली. "केडगावच्या घराला मी पंधरा दिस मारलं. मान मोडली, पर भित दगडावानी झाली. मी सांगितलं म्हनू नगा हं, त्यो उद्याच्याला कामावर घ्यायचा न्हाई."

मी मान हलवली. पण कंत्राटदार खाली येताच सवयीनं वही उघडून विचारलं, "भिंतींना पाणी किती दिवस मारलंत?"

त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली, घागर उचलली आणि थेंबही न सांडता ताठ चालत गेली.

केडगावच्या घरात आम्ही अजून राहतो. उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकली की गार वाटतं आणि तिची ती चाल आठवते. दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलं का, हे सावेडीला जाऊन विचारायचं राहिलं आहे.