मेथीला दिलेलं पाणी

एकेचाळीस वर्षं संसार करूनही तुळसाबाई आपल्याला फार थोडी कळली, हे चंपतला कबूल करावं लागतं. बायकोला काय आवडतं असं कोणी विचारलं, तर त्याला धड उत्तर देता येणार नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, तेही अर्ध्यावर उठून.

या बाईला बसता येत नाही, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. शेलूबाजारजवळच्या दीड एकर मळ्यात दोघांची कामं वाटलेली होती. मोटर, पाणी, फवारणी चंपतकडे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर काढणं, जुड्या बांधणं आणि बाजार तिच्याकडे. एकमेकांच्या कामात कोणी नाक खुपसत नसे.

गेल्या हिवाळ्यात मुलगा स्वप्निल आणि सून उज्ज्वला पुण्याहून दोन दिवसांसाठी आले. "उद्या चौघं मिळून पोहरादेवीला जाऊ. दिवसभर सोबत राहू," स्वप्निल म्हणाला. चंपत हरखला. असं चौघांनी कुठं जाणं एकदाही घडलं नव्हतं.

"जाऊ ना," तुळसाबाई म्हणाली. "मेथी काढली का निंगालोच."

हे वाक्य चंपतच्या ओळखीचं होतं. असंच म्हणून ती सख्ख्या भाचीच्या लग्नाला पंगती उठल्यावर पोचली होती. या वेळी त्याने डोकं लढवलं. ती गावात गेली तशी त्याने मोटर सुरू केली आणि मेथीचे सगळे वाफे भरून टाकले. ओल्या वाफ्यात कोण पाय घालतो? आता बसेल गाडीत मुकाट्यानं.

सकाळी गाडी दारात उभी, उज्ज्वला नवी साडी नेसून तयार, आणि तुळसाबाईचा पत्ता नाही. चंपत तणतणत मळ्यात गेला. ती पदर खोचून घोटाभर चिखलात उभी होती.

"काय करून राह्यली वं? चिखल दिसत नाही तुले?"

"दिसते ना! बरं केलं तुमी पाणी देल्लं. कोरड्यात तुटते ते, आज कशी मुळासकट निंगून राह्यली. आता सारीच काढतो."

चंपतने कपाळावर हात मारला. जन्मभर मेथी पिकवली, पण उपटली कधी नाही.

"अवं, लेकरं खोळंबले!"

"त्याइले म्हणा, व्हा पुढं. देवी कुठं पळून चालली? मेथी पिवळी पडते."

हॉर्न दोनदा वाजला. शेवटी चंपतनेच मुलांना हाताने जा म्हणून खुणावलं. आपणही जावं, हे त्या रागात त्याला सुचलं नाही. तो तिच्याकडे पाठ करून बांधावर बसला. थोड्या वेळाने मेथीचा ढीग त्याच्याशेजारी येऊन पडला.

"नुसते बसता कायले? जुड्या बांधा."

त्याने बांधल्या. तिने सोडल्या. "हे जुडी हाय का खराटा? गिऱ्हाईक हासन मले."

दुपारपर्यंत हेच चाललं. दोघं बांधावर भाकरी खायला बसले, तेव्हा तिने कांदा त्याच्या पुढ्यात सरकवला.

"तू खात नाही का?"

"कधीच नाही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कधी?"

तो आणखीच चिडला. कोणावर, ते त्यालाही कळलं नाही. संध्याकाळी स्वप्निलने मोबाइलवर फोटो दाखवले. प्रत्येकात दोघंच.

पुढं तीनच आठवड्यांनी बाजारात, भाजीच्या ढिगामागं बसल्या बसल्या तुळसाबाई कलंडली. शेजारी वांगी विकणाऱ्या बेबीताईने फोन केला. चंपत पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याच दिवशी सकाळी बाजाराला जाणारी जीप रस्त्यावर उभी होती. टोपली डोक्यावर घेऊन ती उंबऱ्याशी वळली. चंपत खाटेवर पडून होता.

"दूध झाकून ठेवजा. मांजर फिरून राह्यलं."

"दिसते मले."

"दिसते तं मंग उठा ना."